लांबलेल्या पाळीतला थकवा आणि समकालिक भाषांतरातील विराम

शब्दवेधी

समकालिक भाषांतरात, म्हणजे वक्ता बोलत असतानाच चालणाऱ्या तोंडी भाषांतरात, दुभाष्याने साधारण अर्ध्या तासाने मायक्रोफोन जोडीदाराकडे सोपवावा, हा संकेत या व्यवसायात इतका रुळला आहे की त्यामागचे कारण सहसा कोणी विचारत नाही. विचारले तर थकव्याने चुका वाढतात, एवढेच उत्तर मिळते. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. चूक ही फार पुढची पायरी असते. तिच्या आधीच दुभाष्याच्या बोलण्यातले विराम बदलू लागलेले असतात, आणि कान तयार असेल तर तो बदल ऐकूही येतो. दीर्घ पाळीतला थकवा विरामांवर नेमका कसा उमटतो, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

नेहमीच्या बोलण्यात आपण थांबतो ते श्वासासाठी, शब्द आठवण्यासाठी, पुढचा विचार जुळवण्यासाठी किंवा वाक्य संपल्याचे ऐकणाऱ्याला कळावे म्हणून. समकालिक भाषांतरात यात आणखी एक कारण मिसळते. वक्त्याकडून पुरेसा मजकूर अजून आलेलाच नसतो आणि दुभाष्याला त्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे दुभाष्याचा प्रत्येक विराम त्याचा एकट्याचा नसतो. त्यातला बराच भाग वक्त्याने त्याच्यावर लादलेला असतो. बोलण्यातल्या विरामांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनी पाव सेकंद ही सीमा धरली होती. त्याहून लहान खंड उच्चाराच्या हालचालींतूनच निर्माण होतात असे मानून ते मोजणीतून वगळले जात, आणि ही सीमा आजही अनेक अभ्यासक वापरतात.

थकव्याचा संबंध समजून घेण्यासाठी या क्षेत्रातले अभ्यासक दानिएल जील यांची मांडणी मला सर्वांत उपयोगी वाटते. त्यांच्या मते दुभाष्याला एकाच वेळी ऐकून अर्थ लावणे, ऐकलेले स्मरणात धरून ठेवणे आणि बोलणे ही तीन कामे करावी लागतात, आणि या तिन्हींचा मेळ राखणे हे चौथे काम होऊन बसते. मनाची एकूण क्षमता मर्यादित असते आणि दुभाषी बहुतेक वेळ त्या मर्यादेच्या अगदी जवळ काम करत असतो. १९९९ मध्ये त्यांनी या अवस्थेचे वर्णन तारेवरची कसरत अशा शब्दांत केले. थकवा आल्यावर भाषण तेवढेच अवघड राहते, वेगही तोच राहतो, पण क्षमता आक्रसते. म्हणून पाचव्या मिनिटाला सहज पार पडलेले वाक्य चाळिसाव्या मिनिटाला अडते.

माझे म्हणणे असे आहे की या अडण्याचे मोजमाप विरामांच्या संख्येत शोधणे ही दिशाभूल ठरते. खरा बदल विरामाच्या जागेत होतो. ताजातवाना दुभाषी वाक्य संपल्यावर किंवा उपवाक्याच्या जोडावर थांबतो. थकलेला दुभाषी 'समितीने गेल्या बैठकीत मांडलेल्या' एवढे बोलून थांबतो, आणि ऐकणारा पुढच्या नामाची वाट पाहत राहतो. तो विराम अर्ध्या सेकंदाचाच असेल, पण तो अशा ठिकाणी पडलेला असतो जिथे भाषा आपल्याला थांबायची मुभा देत नाही. त्यानंतर बहुतेक वेळा उरलेले वाक्य घाईघाईने एका दमात उरकले जाते. अडणे आणि मग धावणे अशी ही जोडी असते.

जिनिव्हा विद्यापीठात बार्बरा मोझर-मर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे आठवतो. त्यांनी अनुभवी दुभाष्यांना नेहमीच्या अर्ध्या तासापलीकडे काम करत राहायला सांगितले आणि भाषांतरातल्या चुकांबरोबर लाळेतील कॉर्टिसॉलसारख्या ताणाच्या खुणाही तपासल्या. प्रयोग लहान होता, त्याला प्राथमिक म्हणूनच सादर केले गेले होते. पण त्यातला एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो: वेळ वाढत गेला तसतशा अर्थाच्या गंभीर चुका वाढत गेल्या, आणि आपल्या कामाचा दर्जा घसरतो आहे याची पुरेशी जाणीव दुभाष्यांना स्वतःला नव्हती. तसे असेल, तर मला अजून जमते आहे या भावनेवर पाळीची लांबी सोपवणे धोक्याचे आहे, आणि बाहेरून ऐकू येणाऱ्या खुणांचे मोल त्यामुळेच वाढते.

आपापले अनुभव, निरीक्षणे आणि मतभेद अवश्य मांडावेत.

कानसेन

ऐकणाऱ्याच्या बाजूने एक मुद्दा जोडावासा वाटतो. सभागृहात हेडफोन लावून बसलेल्या माणसाकडे दुभाष्याच्या आवाजाखेरीज दुसरा कोणताही आधार नसतो. वक्त्याचे ओठ हलत आहेत आणि कानात शांतता आहे, असे काही सेकंद झाले की तो अस्वस्थ होतो. यंत्रणा बंद पडली, की वाहिनी चुकली, की दुभाष्याला समजले नाही, हे त्याला कळायला मार्ग नसतो. उलट वक्ताही थांबला असेल तर तेवढीच शांतता त्याला स्वाभाविक वाटते. विराम किती लांब होता यापेक्षा त्या क्षणी व्यासपीठावर काय चालले होते यावर त्याचा परिणाम ठरतो.

चुकीच्या जागी पडलेल्या विरामांचा आकलनावर परिणाम होतो, याला आधार आहे. मिरियम श्लेसिंगर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुभाष्यांनी केलेल्या भाषांतराचे उतारे घेतले, तेच उतारे लिहून काढून त्याच दुभाष्यांकडून वाचून घेतले आणि दोन्ही ध्वनिमुद्रणे वेगवेगळ्या श्रोत्यांना ऐकवली. शब्द तेच होते, बदल होता तो विरामांत आणि स्वरांच्या चढउतारांत. वाचलेले उतारे ऐकणाऱ्यांना मजकूर अधिक चांगला समजला. तेव्हा विराम ही केवळ सौंदर्याची बाब समजून सोडून देता येत नाही. आणि ताज्या दुभाष्याच्या बोलण्यातही हा दोष थोडाफार असतोच, हेही या अभ्यासातून दिसते. थकव्याने तो नव्याने निर्माण होत नाही, वाढतो.

मोजपट्टी

मी ध्वनिमुद्रणांवर काम करत असल्याने मोजमापाविषयी लिहितो. शब्दवेधी यांचे जागेविषयीचे म्हणणे मला पटते, पण ते सिद्ध करायचे असेल तर आधी काही गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतील. नाहीतर थकव्याच्या नावावर भलतेच काही खपून जाईल.

पहिली गोष्ट वक्त्याचा वेग. डेव्हिड गर्व्हर यांनी १९६९ मध्ये दाखवले होते की मूळ भाषणाचा वेग वाढवत नेला की दुभाषी त्या प्रमाणात भरभर बोलत नाहीत. ते वक्त्याच्या अधिक मागे पडतात, अधिक थांबतात आणि एकूण कमी मजकूर पोहोचवतात. त्यांच्या प्रयोगात मिनिटाला सुमारे ९५ ते १२० शब्द हा वेग दुभाष्यांना मानवणारा ठरला. आता सभांमध्ये शेवटच्या वक्त्यांना वेळ कमी मिळतो आणि ते लिहून आणलेले भाषण धाडधाड वाचतात. अशा वेळी पाळीच्या शेवटी विराम वाढलेले दिसले तर तो थकवा म्हणायचा की वेग? एकाच पाळीतली सुरुवात आणि शेवट यांची तुलना करताना मूळ भाषणाचा वेग, वाचलेले की उत्स्फूर्त, आकड्यांची आणि नावांची दाटी, हे सगळे शेजारी मांडले पाहिजे. कुन प्लेव्हुट्स आणि बार्ट डेफ्रँक यांच्या युरोपीय संसदेतील भाषणांवरच्या कामातही दुभाष्यांच्या बोलण्यातले 'अं' सारखे आवाज माहितीच्या भाराशी निगडित असल्याचे दिसते. मजकूर दाट असेल तर ताजा दुभाषीही अडखळतो.

दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. पाळीच्या पहिल्या काही मिनिटांत दुभाषी वक्त्याच्या उच्चारांशी, शब्दसंग्रहाशी आणि बोलण्याच्या ढबीशी जुळवून घेत असतो. त्यामुळे पहिले मिनिट हे ताजेपणाचे प्रमाण म्हणून घेणे चुकीचे आहे. सवयीने येणारी सुधारणा आणि थकव्याने होणारी घसरण काही काळ एकमेकींना झाकून टाकतात, आणि सरासरी सपाट दिसते म्हणून काहीच घडले नाही असा समज होतो.

तिसरी गोष्ट आकडेमोडीची. विरामांच्या लांबीची मांडणी कधीच समतोल नसते. लहान विराम पुष्कळ असतात आणि फार लांब थोडेच. दोनतीन लांब विराम साऱ्या पाळीची सरासरी फुगवू शकतात. म्हणून मध्यक, म्हणजे लांबीच्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा विराम, पाहावा, किंवा लांबीचा लॉगॅरिदम घेऊन तुलना करावी. मुद्रण दोन वेगळ्या वाहिन्यांवर हवे, एकीवर वक्ता आणि दुसरीवर दुभाषी. म्हणजे दुभाष्याच्या प्रत्येक विरामाच्या वेळी वक्ता बोलत होता की नाही हे तपासता येते. ॲमस्टरडॅम विद्यापीठात पाउल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली 'प्रात' ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि आवाजाच्या पातळीवरून शांत भाग आपोआप शोधून देते. विराम पदबंधाच्या, म्हणजे एकत्र बोलल्या जाणाऱ्या शब्दगटाच्या, आत पडला की सीमेवर, हे मात्र माणसानेच ऐकून ठरवावे लागते, आणि ज्याने ठरवायचे त्याला तो तुकडा पाळीच्या कोणत्या भागातला आहे हे माहीत नसावे.

ऐलपैल

मी अनेक वर्षे बूथमध्ये, म्हणजे दुभाष्यांच्या आवाजबंद खोलीत, काम करत आहे आणि मला एका बाबतीत वेगळे मत नोंदवायचे आहे. थकव्यामुळे विराम बिघडतात हे मान्य, पण ते वाढतातच असे नाही. कितीतरी दुभाषी थकले की थांबेनासे होतात.

कारण असे. वक्ता बोलल्यानंतर किती अंतराने दुभाषी तेच बोलतो, हे अंतर साधारण दोन ते चार सेकंदांचे असते. ओलेरॉन आणि नानपाँ यांनी १९६५ मध्येच ते दोनपासून दहा सेकंदांपर्यंत बदलते असे नोंदवले होते. हे अंतर राखायला स्मरणशक्ती खर्च होते. थकल्यावर दुभाषी दोहोंपैकी एका वाटेने जातो. एका वाटेवर तो मागे पडत जातो, अंतर वाढते, मजकूर गळतो आणि लांब विराम पडतात. दुसऱ्या वाटेवर तो धास्तीने वक्त्याला चिकटून बसतो, शब्द कानावर पडला की लगेच उच्चारून मोकळा होतो, म्हणजे स्मरणात धरून ठेवण्याचे कामच उरत नाही. हा दुसरा दुभाषी वरवर ऐकणाऱ्याला उत्तम वाटतो. आवाज अखंड चालू असतो, कुठे शांतता नाही. पण नीट ऐकले तर वाक्यरचना मूळ भाषेची असते, संदर्भ सुटलेले असतात, आणि वाक्य संपले तरी तो थांबत नाही, कारण थांबल्यावर पुन्हा सुरू करण्याइतकी शक्ती आपल्यात नाही असे त्याला आतून वाटत असते.

मराठीसारख्या भाषेत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. मूळ भाषा इंग्रजीसारखी असेल तर क्रियापद कर्त्यापाठोपाठ येऊन जाते आणि मराठीत ते शेवटी द्यायचे असते. तोवर कर्ता, कर्म, काळवेळ, अटी हे सारे बोलत राहायचे आणि क्रियापद मनात सांभाळायचे. ताजा दुभाषी हे करतो, किंवा जाणीवपूर्वक वाक्य तोडून दोन लहान वाक्ये करतो. थकलेला दुभाषी लांब वाक्य सुरू करतो, मध्येच क्रियापद हरवते, तिथे तो थांबतो आणि मग 'असे आहे', 'असे झाले' अशा हाताशी असलेल्या शेपटीने वाक्य बंद करतो. उलट दिशेने, म्हणजे मराठी किंवा जर्मन, जपानी अशा भाषांतून ज्यांत क्रियापद उशिरा येते त्यांतून भाषांतर करताना, वाट पाहण्याचे विराम अपरिहार्य असतात. तिथे अनुभवी दुभाषी क्रियापदाचा अंदाज बांधून पुढे जातो, आणि अंदाज बांधण्याची ही ताकद थकव्याबरोबर पहिल्यांदा ओसरते असे माझे निरीक्षण आहे.

म्हणून नुसती शांतता मोजणाऱ्या कोणत्याही अभ्यासात पहिल्या वाटेचे आणि दुसऱ्या वाटेचे दुभाषी एकत्र केले तर वाढ आणि घट एकमेकांना छेदतील आणि थकव्याचा विरामांवर परिणाम होत नाही असा निष्कर्ष निघेल.

शब्दवेधी

ऐलपैल, आपला प्रतिसाद वाचून माझी मांडणी मला सुधारून घ्यावीशी वाटते. मी अडणे आणि धावणे असे म्हटले होते. केवळ धावणे हाही थकव्याचाच एक प्रकार आहे हे त्यात यायला हवे होते. दोन्ही वाटांना जोडणारी गोष्ट बहुधा अशी आहे की ताज्या अवस्थेत विराम दुभाष्याच्या ताब्यात असतो. तो कुठे थांबायचे हे ठरवतो. थकल्यावर ते ठरवणे सुटते. मग काहींच्या बाबतीत विराम कुठेही पडतो आणि काहींच्या बाबतीत पडायला हवा तिथेही पडत नाही. मोजपट्टी यांच्या भाषेत सांगायचे तर एकूण शांततेऐवजी दोन प्रमाणे पाहावी लागतील: पदबंधाच्या आत पडलेल्या विरामांचे प्रमाण, आणि विरामाशिवाय ओलांडलेल्या वाक्यसीमांचे प्रमाण. थकव्यात दोन्ही वाढायला हवीत, निदान त्यांपैकी एक तरी.

नवशिका

मी अजून प्रशिक्षण घेत आहे, म्हणून दोन प्रश्न विचारतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात दुभाष्यांच्या पाळ्या अर्ध्या तासाहून बऱ्याच लांब होत्या असे वाचले होते. मग ते कसे टिकले? आणि दुसरे, सरावाने ही मर्यादा वाढवता येते का? धावपटू अंतर वाढवत नेतो तसे पाळी हळूहळू वाढवत नेण्याचा सराव करावा का?

ऐलपैल

न्यूरेंबर्गची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. खटला नोव्हेंबर १९४५ मध्ये सुरू झाला आणि भाषांतराची व्यवस्था लेओन दोस्तेर यांनी उभारली. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषा होत्या. बारा बारा दुभाष्यांचे तीन गट होते. एक गट ८५ मिनिटे न्यायालयात काम करी, दुसरा तयारीत असे आणि कामकाज ऐकत राही, तिसऱ्याला त्या दिवशी सुटी असे. प्रत्येक भाषेच्या मेजावर तीन दुभाषी असत आणि प्रत्येकाकडे एकेकच मूळ भाषा असे. म्हणजे इंग्रजीच्या मेजावर जर्मनमधून भाषांतर करणारा वेगळा, रशियनमधून करणारा वेगळा. जो वक्ता बोलत असेल त्याच्या भाषेचा दुभाषीच तेवढा वेळ बोलत असे. त्यामुळे ८५ मिनिटे ही बसण्याची वेळ होती, सलग बोलण्याची नव्हे. अर्थात एखाद्या जर्मन आरोपीची साक्ष लांबली की जर्मनमधून भाषांतर करणाऱ्यांवर सगळा भार येई, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. तिथे वक्त्यासमोर दिवे होते. पिवळा दिवा लागला की वेग कमी करायचा, लाल दिवा लागला की थांबायचे. विरामावरचा काही अधिकार त्या यंत्रणेने दुभाष्याकडे दिला होता. आजच्या सभागृहांत आवाज अधिक स्वच्छ आला, बूथ आले, पण वक्त्याला थोपवण्याचा तो मार्ग फार क्वचित उरला आहे.

आजचे नियम अनुभवातून घडले आहेत. सभा-दुभाष्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, जी एआयआयसी या आद्याक्षरांनी ओळखली जाते, १९५३ मध्ये स्थापन झाली आणि समकालिक भाषांतरासाठी बूथमध्ये एकट्याने काम करू नये हा दंडक तिने धरून ठेवला. संयुक्त राष्ट्रांत एका दुभाष्याकडे आठवड्याला जास्तीत जास्त सात बैठका असतात आणि बैठक तीन तासांची धरली जाते. तिथे इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि रशियन बूथमध्ये दोघे असतात, तर अरबी आणि चिनी बूथमध्ये तिघे, कारण त्यांना दोन्ही दिशांनी काम करावे लागते. दिशा बदलणे हा स्वतंत्र भार आहे, हे त्या तिसऱ्या खुर्चीमागचे कारण आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकार आहे. सरावाने तंत्र सुधारते. वाक्ये लहान करणे, अनावश्यक पुनरुक्ती गाळणे, आकडा ऐकल्याबरोबर आधी तो देऊन टाकणे या सवयींमुळे तीच अर्धा तासाची पाळी कमी शक्तीत पार पडते. पण पाळी लांबवण्याचा सराव केला तर थकलेल्या अवस्थेतल्या बोलण्याचीच सवय जडते, आणि अखंड पण पोकळ बोलण्याची ती दुसरी वाट पक्की होते.

दूरध्वनी

दूरस्थ भाषांतराचा विचार येथे आलाच पाहिजे, कारण आता बरेच काम पडद्यासमोर बसून होते. बूथच्या ध्वनियंत्रणेसाठीच्या आयएसओ २०१०९ या मानकात १२५ ते १५,००० हर्ट्झ एवढा ध्वनिपट्टा अपेक्षित आहे. सभेत सहभागी होणाऱ्याचा मायक्रोफोन आणि मध्ये होणारे ध्वनिसंकोचन, म्हणजे पाठवण्यासाठी आवाजाची माहिती कमी करणे, यांमुळे प्रत्यक्षात वरचा भाग कापला जातो. 'स', 'श', 'फ' अशा वर्णांतला फरक त्या वरच्या भागात असतो. तो कमी पडला की ऐकून अर्थ लावण्याचे काम जड होते आणि बाकीच्या कामांसाठी क्षमता उरत नाही. जिनिव्हात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सहकार्याने झालेल्या प्रयोगात दूरस्थ काम करताना थकवा लवकर येतो असे दिसले. त्याच्या विरुद्ध बाजूने हेही सांगितले पाहिजे की इलान रोझिनर आणि मिरियम श्लेसिंगर यांच्या २०१० च्या अभ्यासात प्रत्यक्ष आणि दूरस्थ भाषांतराच्या दर्जात तज्ज्ञांना मोठा फरक आढळला नाही, मात्र दुभाष्यांना स्वतःला दूरस्थ काम अधिक वाईट वाटले. जिनिव्हाच्या १९९८ च्या प्रयोगातल्या दुभाष्यांना घसरण होत असूनही ती जाणवली नव्हती आणि येथे मोठी घसरण नसताना ती जाणवली. दुभाष्याची स्वतःविषयीची भावना हे खात्रीचे माप नाही हे दोन्हीकडून पुढे येते.

दूरस्थ कामात विरामांविषयीची मोठी अडचण अशी की वाहिनी क्षणभर तुटली की पडणारी शांतता आणि दुभाषी अडखळल्याची शांतता ऐकणाऱ्याला सारखीच वाटते. अनेकदा जोडीदारालाही कळत नाही, कारण तो शेजारी नसतो. एकाच बूथमध्ये बसलेल्याला खांदे आवळलेले दिसतात, श्वास वर चढलेला ऐकू येतो, हात विनाकारण आवाजाच्या बटणाकडे जाताना दिसतो. पडद्याच्या चौकटीत यातले काहीच पोहोचत नाही.

हस्तमुद्रा

सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून थोडक्यात लिहिते. आमच्याकडे पाळी बहुतेक वेळा वीस मिनिटांच्या आसपासच बदलली जाते. बार्बरा ब्रासेल यांनी १९७६ मध्येच वेळ वाढेल तशा चुका वाढतात हे या क्षेत्रात दाखवले होते. आमचा विराम कानाला कळत नाही, डोळ्यांना कळतो. खूण पूर्ण झाल्यावर हात तिथेच धरून ठेवणे हा एक विराम आणि हात खाली येणे हा दुसरा. थकवा आला की हे दोन्ही एकमेकांत मिसळतात. वाक्य संपले नसताना हात खाली उतरतात, किंवा संपल्यावरही हवेत राहतात. शिवाय खांदे आणि मनगटे दुखू लागल्याने काही खुणा आखूड होतात. त्यामुळे मनाचा थकवा आणि स्नायूंचा थकवा वेगळा काढणे आमच्या बाबतीत फार कठीण आहे. श्वास आणि स्वरयंत्र यांच्याबाबत बोलणाऱ्या दुभाष्यांचेही तसेच होत असावे असे मला वाटते.

कानसेन

रिलेचा विचार केल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. एखादी भाषा बहुतेक बूथना येत नसेल तर एक दुभाषी तिचे भाषांतर करतो आणि बाकीचे बूथ त्याच्या भाषांतरावरून पुढे भाषांतर करतात. त्या मधल्या दुभाष्याचा प्रत्येक विराम साऱ्या बूथमध्ये पोहोचतो आणि वाटेत वाढतो. तो नामाच्या आधी अडला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे अर्धवट वाक्य हातात धरून थांबतात. तो वाट पाहून मग एका दमात धावला की त्यांच्यावर तो वेग आदळतो. एरवी चालून जाणारे विराम येथे चालत नाहीत. त्यामुळे रिले देणाऱ्याची पाळी इतरांपेक्षा लहान असावी, असे माझे ठाम मत आहे. मूळ भाषा दुर्मीळ असेल तर तो दुभाषी एकटाच असण्याची आणि त्यालाच सर्वांत जास्त वेळ बसावे लागण्याची शक्यता असते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

मोजपट्टी

कानसेन यांच्या मुद्द्यात अभ्यासाची एक चांगली संधीही आहे. रिलेवर काम करणाऱ्या बूथची मुद्रणे एकत्र ठेवली तर मधल्या दुभाष्याच्या विरामांचा पुढच्या बूथवर होणारा परिणाम थेट पाहता येईल. तोच विराम, तीच वेळ, पण ऐकणारे वेगवेगळे. पुढचे दुभाषी त्या वेळी आपापल्या पाळीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतील, तर नुकताच मायक्रोफोन घेतलेला दुभाषी तो अडथळा कसा झाकतो आणि पाळी संपत आलेला कसा झाकू शकत नाही, याची तुलना एकाच भाषणावर होईल. वक्त्याचा वेग आणि मजकुराची दाटी हे घटक आपोआपच समान राहतील.

शब्दवेधी

नवशिका यांच्यासाठी आणि जे रोज हे काम करतात त्यांच्यासाठी, सर्वांच्या प्रतिसादांतून मला सुचलेली कार्यपद्धती लिहितो.

पाळी बदलण्याचा निर्णय बोलणाऱ्याने घेऊ नये, ऐकणाऱ्या जोडीदाराने घ्यावा. पाळी नसलेला दुभाषी आकडे आणि नावे लिहून देतोच. त्याने त्याबरोबर कागदाच्या कडेला एवढेच टिपावे की बोलणारा पदबंधाच्या मध्ये अडला का, आणि वाक्य संपल्यावर न थांबता पुढे गेला का. ताज्या दुभाष्याच्या बाबतीतही या खुणा अधूनमधून होतीलच, म्हणून एकटीदुकटी खूण पाहून काही ठरवू नये. पण त्या एकापाठोपाठ येऊ लागल्या की घड्याळात वीस मिनिटे झालेली असली तरी बदल करावा. घड्याळाची अर्ध्या तासाची मर्यादा ही वरची मर्यादा राहील, तिच्या आत कधी बदलायचे हे कान ठरवतील. बदल वक्ते बदलण्याच्या क्षणी झाला तर उत्तम. तसे शक्य नसेल तर वाक्य संपताना हाताने खूण करून मायक्रोफोन घ्यावा, म्हणजे त्या बदलाचा विराम तरी योग्य जागी पडेल. ही खूण आपल्या कामावरची टीका आहे असे कोणी मानू नये, आणि त्यासाठी दोघांनी काम सुरू होण्यापूर्वीच त्याविषयी बोलून घ्यावे. दूरस्थ कामात हीच खूण लिखित संदेशाने द्यावी लागेल आणि तिच्यासाठी एकच ठरलेले अक्षर पुरेसे आहे.

प्रशिक्षणात मात्र एकदा तरी स्वतःची अर्ध्या तासाची पूर्ण पाळी दोन वाहिन्यांवर मुद्रित करून ठेवावी. काही दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे मजकूर डोक्यातून जातो. मग पाचव्या ते दहाव्या मिनिटाचा आणि शेवटच्या पाच मिनिटांचा भाग दुसऱ्या कोणाकडून क्रम न सांगता ऐकवून घ्यावा, आणि फक्त वरच्या दोन खुणा मोजाव्यात. वक्त्याचा वेग दोन्ही भागांत सारखा होता का, हे मोजपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे पडताळून पाहावे. कोणत्या खुणा अधिक सापडतात यावरून आपण ऐलपैल यांनी सांगितलेल्या कोणत्या वाटेने जातो हे समजते. मागे पडणाऱ्याने वाक्ये तोडायला शिकावे आणि चिकटून बसणाऱ्याने प्रत्येक वाक्याच्या शेवटी जाणीवपूर्वक थांबायला शिकावे; दोघांना एकच सराव देऊन उपयोग होणार नाही.